हरल्यानंतरची पुढची मॅच

पत्र :

"मी २३ वर्षांचा असून वडगावात राहतो. डिप्लोमा झाल्यापासून उद्यमबागेतल्या एका कारखान्यात सीएनसी मशिनवर कामाला आहे. सेकंड शिफ्ट सुटून घरी पोहोचायला साडेअकरा होतात आणि जेवण उरकून आम्ही चौघे मित्र बीजीएमआय हा मोबाइलवरचा गोळीबाराचा गेम खेळायला बसतो. दोघे आमच्याच गल्लीतले आहेत. चौथा डिप्लोमाचा वर्गमित्र, गोकाककडचा, घरी कन्नड बोलणारा. क्राउन या वरच्या रँकला पोहोचल्यापासून, म्हणजे गेले काही महिने, हरलो की माझे डोके फिरते. मी मोठमोठ्याने शिव्या देतो, आई उठून दार वाजवते. एकदा तर फोन भिंतीवर फेकला आणि स्क्रीनला तडा गेला. मागच्या महिन्यात एका रात्री दोनच मॅच खेळायच्या असे ठरवून बसलो होतो, पण हरत गेलो आणि खेळत गेलो. सहाव्या मॅचमध्ये शेवटच्या झोनला, म्हणजे मैदान आक्रसून शेवटचे वर्तुळ उरते तेव्हा, मित्राचा स्मोक (धुराचा बॉम्ब) चुकीच्या जागी पडला, आम्ही चौघेही मेलो आणि मी माइकवर त्याला त्याच्या भाषेवरून नको ते बोललो. तेव्हापासून तो ऑनलाइन येत नाही, माझा फोनही उचलत नाही. गेम कायमचा डिलीट करावा का? मला काही मानसिक आजार आहे का? मित्र परत येईल का? आणि सगळे म्हणतात की जुन्या फोनमुळे हरतोस, तर हप्त्यावर नवा फोन घ्यावा का?"

— एक वाचक, वडगाव, बेळगाव (पत्र संक्षिप्त केले आहे.)

उत्तर :

प्रिय वाचक,

तुमचे मूळ पत्र बरेच मोठे आहे आणि त्यात हरण्याचे वर्णन जेमतेम दोन-तीन ओळींत आटोपले आहे; बाकीचे सगळे पत्र हरल्यानंतर काय काय घडले, त्यानेच भरले आहे. पत्र दुसऱ्यांदा वाचताना मला वाटू लागले की हरणे ही तुमची खरी अडचण नसावी. हरल्याबरोबर श्वासही न घेता सुरू होणारी पुढची मॅच आणि त्या वेळी चालू राहिलेला माइक, या दोन गोष्टींनी तुमचे नुकसान केले आहे, आणि या दोन्ही तुमच्या हातातल्या आहेत.

तरीही आधी हरण्याचा हिशेब मांडतो, कारण तो बहुतेक खेळाडूंनी कधी केलेलाच नसतो. एरंगेल या नकाशावरच्या एका मॅचमध्ये १०० पर्यंत खेळाडू उतरतात, म्हणजे चौघाचौघांचे २५ संघ झाले. सगळे संघ तुल्यबळ धरले, तर एका संघाला चिकन डिनर, म्हणजे विजय, मिळण्याची शक्यता २५ मध्ये एक, म्हणजे ४ टक्के असते. तुमचा संघ सरासरीपेक्षा अडीचपट चांगला आहे असे मानले, तरीसुद्धा तो दहापैकी नऊ मॅच हरणार आहे. सरासरी संघाचे म्हणाल, तर त्याने लागोपाठ १७ मॅच खेळूनही एकही न जिंकण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असते. म्हणजे ज्या रात्री तुम्ही सहा मॅच खेळून सहाही हरलात, त्या रात्री कोणतीही विपरीत गोष्ट घडलेली नव्हती. या खेळाची ती अगदी सामान्य रात्र होती.

मग आधी राग येत नव्हता आणि क्राउनला पोहोचल्यावर का येऊ लागला, असे तुम्ही विचाराल. सुरुवातीच्या रँकमध्ये समोर बॉट, म्हणजे गेमनेच चालवलेले खेळाडू, भरपूर असतात. ते उभ्या उभ्या गोळ्या खातात, त्यामुळे ब्राँझ-सिल्व्हरला चिकन डिनर पटापट मिळतात आणि आपण फार चांगले खेळतो असा समज पक्का होतो. प्लॅटिनम, डायमंड, क्राउन असे वर जावे तसतसे समोरचे खेळाडू खरे आणि तुमच्याइतकेच तयार असतात. तुल्यबळांना एकमेकांसमोर आणण्याची ही कल्पना जुनी आहे. बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारलेल्या एलो गुणपद्धतीपासून आजच्या मोबाइल खेळांपर्यंत तिचे तत्त्व फारसे बदललेले नाही. तुम्ही सुधारलात की प्रतिस्पर्धीही सुधारलेले मिळतात. त्यामुळे तुमचा खेळ गेल्या वर्षीपेक्षा चांगला झालेला असूनही तुम्हाला जिंकण्याचे समाधान गेल्या वर्षीपेक्षा कमी मिळत असेल, तर त्यात आश्चर्य नाही. राग हरण्याचा नसतो, "मी जिंकायला हवे होते" या अपेक्षेचा असतो, आणि ती अपेक्षा तुम्ही ब्राँझमधून बरोबर घेऊन आला आहात.

त्यात भर म्हणजे तोटा माणसाला नफ्यापेक्षा जास्त झोंबतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये पैशांच्या व्यवहारांसंबंधी हे दाखवून दिले, पण रँकच्या गुणांनाही ते तंतोतंत लागू पडते. रात्रभर खेळून मिळालेले प्लस झोपताना आठवत नाहीत, शेवटच्या मॅचचा मायनस मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही. तो मायनस भरून काढल्याशिवाय झोपायचे नाही, असे वाटू लागते आणि तिथूनच सहाव्या मॅचची वाट सुरू होते.

त्या वाटेकडे जरा बारकाईने पाहू या. तुम्ही मरता, पडद्यावर निकाल येतो, गुण वजा झालेले दिसतात आणि तुम्ही परत लॉबीत येता. तिथे तुमची चौघांची पात्रे शेजारी शेजारी उभी असतात, खाली स्टार्टचे पिवळे बटण असते आणि एकेक जण रेडी करू लागतो. या सगळ्याला मिनिटभरसुद्धा लागत नाही. तिघे रेडी करून बसले असताना "मला पाच मिनिटे द्या" असे म्हणणे रात्री साडेबाराला फार अवघड असते, कारण त्यात घाबरल्यासारखे दिसते. दुसरीकडे छातीतली धडधड अजून उतरलेली नसते, तळवे घामेजलेले असतात आणि तोंडावर एखाद्याचे नाव असते. अशा स्थितीत पुढच्या मॅचमध्ये उतरणारा खेळाडू पोचिंकीसारख्या गर्दीच्या गावात उडी मारतो, दिसेल त्याच्यावर धावून जातो, अर्धवट लूट घेऊन उघड्यावर पळतो आणि पहिल्या पाच मिनिटांत नॉक होतो. मग त्याला वाटते की आज नशीबच फुटके आहे. प्रत्यक्षात चौथी, पाचवी आणि सहावी मॅच तो तिसऱ्या मॅचच्या रागानेच हरलेला असतो.

तुम्ही दोन मॅचचा नियम केला होता आणि तो मोडला, याबद्दल पत्रात स्वतःला बरेच दूषण दिले आहे. मला तो नियमच कच्चा वाटतो. तो फक्त तुमच्या मनात होता, बाकीच्या तिघांना त्याचा पत्ता नव्हता आणि तो मोडायचा की पाळायचा हे ठरवण्याची वेळ नेमकी तुम्ही हरलेले असतानाच येणार होती. म्हणून नियम चौघांचा करा आणि तो खेळायला बसण्याआधी ठरवा. माझी सूचना अशी आहे की लागोपाठ दोन मॅच हरल्यानंतर संघाच्या लीडरने दहा मिनिटे स्टार्ट दाबायचा नाही, आणि निदान काही आठवडे तरी लीडर तुम्ही असायचे नाही. स्टार्टचे बटण गल्लीतल्या त्या मित्राच्या हाती द्या, ज्याचे डोके सगळ्यांत उशिरा तापते. एरंगेलची मॅच शेवटच्या झोनपर्यंत गेली की साधारण अर्धा तास खाते, त्यामुळे एक वाजता संपवायचे असेल तर साडेबारानंतर नवी मॅच लावायचीच नाही, हेही चौघांना माहीत असू द्या.

या दहा मिनिटांत काय करायचे, हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तिथेच बहुतेकांचे चुकते. राग आतल्या आत ठेवला की साचतो आणि बाहेर काढला की मोकळे वाटते, अशी आपल्याकडे सर्वांची ठाम समजूत आहे. म्हणून कुणी उशीवर ठोसे मारतो, कुणी माइकवर मनसोक्त शिव्या देतो, तुम्ही फोन फेकलात. ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चिडवलेल्या विद्यार्थ्यांना बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारायला लावले. ज्याने चिडवले त्याचा विचार करत ठोसे मारणारे सर्वांत जास्त रागावलेले राहिले आणि काहीही न करता दोन मिनिटे नुसते बसलेले त्यांच्यापेक्षा शांत निघाले. त्याच बुशमन यांनी एका सहकारी संशोधिकेबरोबर २०२४ मध्ये १५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. शरीराची उत्तेजना खाली आणणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे संथ श्वास, शिथिलीकरण, ध्यान यांनी राग उतरतो, उत्तेजना वाढवणाऱ्या गोष्टींनी तो उतरत नाही आणि पळण्याने तर तो उलट वाढण्याचीच शक्यता असते, असे त्यातून दिसले. व्यायाम तब्येतीला उत्तमच आहे, मात्र रात्री एक वाजता रागाच्या भरात अनगोळ रोडला धावायला निघणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. मेल्यावर सर्वांत आधी माइक बंद करायचा, निकालाच्या पडद्याचीही वाट पाहायची नाही. हेडफोन काढून फोन पालथा ठेवायचा. उठून स्वयंपाकघरात जायचे, तांब्याभर पाणी घ्यायचे, ते बसून प्यायचे आणि मग काही मिनिटे श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा. हे करताना ती मॅच पुन्हा पुन्हा मनात खेळवायची नाही. "त्याने स्मोक इकडे टाकला असता तर" हे वाक्य मनात फिरत राहिले, तर दहा मिनिटे काय, तासभर बसूनही उपयोग होणार नाही. परत आल्यावर नाडी पाहा. अजून धडधडत असेल, तर त्या रात्रीपुरते रँक पुश, म्हणजे रँक वाढवण्यासाठी खेळणे, संपले असे समजा आणि खेळायचेच असेल तर अनरँक्ड किंवा टीडीएम (टीम डेथमॅच) खेळा, जिथे हरण्याने काही वजा होत नाही.

मॅचचा विचार करायचा तो दुसऱ्या दिवशी, आणि त्यासाठी तुमच्या कामाचीच पद्धत पुरेशी आहे. मशिनवर जॉब रिजेक्ट झाला तर तुम्ही मशिनला शिव्या देत लगेच पुढचा पीस चकमध्ये धरत नाही. मायक्रोमीटरने माप घेता, ऑफसेट पाहता, टूलचा इन्सर्ट झिजला आहे का ते बघता आणि रजिस्टरमध्ये नोंद करता. खेळातही एका वहीत प्रत्येक मॅचपुढे एकच ओळ लिहा : मी कशाने मेलो. "झोनमध्ये उशिरा निघालो", "रिव्हाइव्ह करताना कव्हर घेतले नाही", "दोन संघ भांडत होते तिथे तिसरा म्हणून घुसलो आणि मागून चौथा आला", अशा ओळी. एक अट आहे. त्या ओळीचा कर्ता तुम्ही स्वतः असला पाहिजे. "रँडम साथीदाराने फसवले", "समोरचा हॅकर होता", "पिंग गेला" ही कारणे अधूनमधून खरी असतातही, पण त्यांवर तुम्हाला काही करता येत नाही.

पिंगबद्दल, म्हणजे फोनपासून सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणाऱ्या वेळेबद्दल, इथेच थोडक्यात सांगतो, कारण तुम्ही "बेळगावात बसून मुंबई-बेंगळूरच्या पोरांशी कसे जमणार" असे लिहिले आहे. सर्व्हर मुंबईत आहे असे धरले, तर सुमारे ५०० किलोमीटरचे अंतर काचेच्या तारेतून जाऊन यायला प्रकाशाला पाचेक मिलिसेकंद लागतात. तुमचा पिंग दीडशेवर जात असेल, तर त्याचे कारण अंतरात नसून घरातल्या राउटरमध्ये, मधल्या भिंतींमध्ये किंवा त्या वेळी टॉवरवर असलेल्या गर्दीत आहे. राउटर ज्या खोलीत आहे तिथे बसून एकदा खेळून पाहा. बेळगावात राहण्याचा दोष देण्यासारखे यात काही नाही.

झोपेचेही एक कलम आहे. आठ तास मशिनपुढे उभे राहून आलेला माणूस मध्यरात्री तासन्‌तास स्पर्धा खेळतो, तेव्हा त्याचा संयम आधीच निम्मा खर्च झालेला असतो. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात संध्याकाळी रँक पुश करा आणि सेकंड शिफ्टच्या आठवड्यात नुसते मजेसाठी खेळा, एवढा बदल केलात तरी फरक जाणवेल. तुमच्या वडगावात मागांच्या खडखडाटावर मात करत बोलायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, त्यामुळे आपला आवाज किती चढला हे तुम्हा मंडळींना उशिरा कळते, अशी थट्टा शहरात चालतेच. पण रात्री एकला माग बंद असतात आणि आई भिंतीपलीकडे असते. तिला किती वाजता थांबणार ते आधी सांगा आणि तेवढ्याला थांबा. दार वाजवायची वेळ आली नाही असे काही आठवडे गेले की ती निवांत झोपू लागेल. त्याआधी तिला समजावण्याच्या भानगडीत पडू नका.

आता तुमच्या मित्राविषयी. प्रश्नांच्या यादीत तो तिसरा आहे, पण माझ्या मते पत्रातली सर्वांत गंभीर गोष्ट तीच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

खेळात एकमेकांना शिव्या देणारी ही पहिली पिढी नव्हे. गल्ली क्रिकेटमध्ये एलबीडब्ल्यू दिला म्हणून बॅट उचलून घरी जाणारे महाभाग आमच्याही वेळी होते आणि दुसऱ्या दिवशी तेच सर्वांत आधी मैदानावर हजर असायचे. "तुला स्मोक टाकता येत नाही" असे तुम्ही ओरडला असता, तर मित्र दोन दिवसांनी परत आला असता, कारण ते त्याच्या खेळाबद्दल होते. तुम्ही त्याच्या भाषेबद्दल बोललात. तुम्ही मूळ पत्रात लिहिलेले वाक्य मी इथे छापत नाही, मात्र त्यातले "तुम्ही लोक" हे दोन शब्द तुम्हाला स्वतःलाच खुपले आहेत, असे दिसते. एका चुकलेल्या स्मोकसाठी तुम्ही एका माणसाला माणसांच्या एका गटात ढकललेत, आणि तेही अशा जिल्ह्यात, जिथे दुकानाच्या पाटीवरच्या अक्षरांवरूनही वातावरण तापते. सीमाप्रश्न १९५६ पासूनचा आहे, २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि त्याबद्दल तुमचे आणि तुमच्या मित्राचे मत कदाचित वेगळे असेल. ते मत धरण्याचा हक्क दोघांनाही आहे. त्याचा निकाल एरंगेलच्या शेवटच्या झोनमध्ये लावायचे मात्र कुणालाच कारण नव्हते. डिप्लोमाची सगळी वर्षे एका बाकावर काढताना तुमच्यात ही भाषेची भिंत नव्हती, म्हणूनच ती अचानक दिसली तेव्हा त्याला जास्त लागले असणार.

तो फोन उचलत नाही, म्हणून फोन करत राहू नका. वारंवार आलेले मिस्ड कॉल माफीसारखे वाटत नाहीत, तगाद्यासारखे वाटतात. एकच संदेश लिहा, चौघांच्या ग्रुपवर नाही, फक्त त्याला. आणि तुम्ही दोघे नेहमी ज्या मराठी-कन्नड मिसळीत बोलता, त्याच भाषेत लिहा. चांगले दिसावे म्हणून मुद्दाम कुणाकडून शुद्ध कन्नड लिहून घेऊ नका, त्यात तुमचा आवाज राहणार नाही. संदेशात तुम्ही काय बोललात ते स्पष्ट असू द्या, "जे काही झाले त्याबद्दल सॉरी" असे गुळमुळीत नको. "रागात बोललो", "गमतीत बोललो", "तूही स्मोक चुकलास ना" यांतले एकही वाक्य नको. "परत खेळायला ये" हेही नको, कारण त्यामुळे तुम्हाला चौथा खेळाडू हवा आहे असे वाटते. साधारण इतके पुरे : "त्या रात्री मी तुझ्या भाषेवरून जे बोललो ते चुकीचे होते. स्मोकचा आणि त्याचा काही संबंध नव्हता. तुला वाईट वाटले असणार हे मला कळते. तुला वाटेल तेव्हा बोल, मी वाट बघेन." मग खरोखर वाट बघा. चार-पाच आठवड्यांत उत्तर आले नाही तर एखाद्या सुटीच्या दिवशी गोकाकची बस धरायला हरकत नाही, मात्र त्याच्या दारात न सांगता जाऊन उभे राहू नका. दोघांच्या ओळखीच्या एखाद्या वर्गमित्राकडून आधी विचारून घ्या. तो नको म्हणाला तर जाऊ नका.

आणखी एक गोष्ट राहते, जी तुमच्या पत्रात नाही. तुम्ही बोललात तेव्हा गल्लीतले दोघे माइकवर होते आणि दोघांनीही काही म्हटले नाही. अपमान चौघांत झाला, त्यामुळे माफीचा अर्धा भाग तरी त्या दोघांसमोर झाला पाहिजे. त्यांना सांगा की तुम्ही चुकलात आणि तसा संदेश पाठवला आहे. पुढच्या वेळी तुमचा तोल सुटताना दिसला, तर त्यांनी सरळ तुम्हाला म्यूट करायचे, अशी मुभाही देऊन टाका. मित्र परत आला तर त्याला हे कानावरून कळेलच, आणि तुम्ही स्वतः सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

मित्र परत येईलच असे आश्वासन मी देऊ शकत नाही. मैत्री टिकली तरी तो तुमच्याबरोबर पुन्हा कधी खेळणार नाही, हेही शक्य आहे आणि तेही तुम्हाला मान्य करावे लागेल.

गेम डिलीट करण्याविषयी तुमच्या हाताशी एक तयार पुरावा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर देशात बंदी आली, जुलै २०२१ मध्ये त्याचीच भारतीय आवृत्ती म्हणून बीजीएमआय आला, जुलै २०२२ मध्ये तोही काढून घेतला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. परत आला तेव्हा तर प्रौढांना दिवसाला सहा आणि १८ वर्षांखालच्यांना तीन तासांची मर्यादाही घातलेली होती. मधल्या त्या दहा महिन्यांत तुम्ही काय करत होता, ते आठवून पाहा. दुसरा एखादा गेम टाकला असेल आणि त्यातही असेच भडकत असाल, तर आयकॉन पुसून काही साधणार नाही. त्या काळात घरात शांतता होती आणि परत खेळू लागल्यावरच हे सुरू झाले असेल, तर महिनाभर काढून टाकून बघायला काय हरकत आहे? शिक्षा म्हणून डिलीट करू नका, कारण शिक्षा म्हणून काढलेला गेम चौथ्या दिवशी परत डाउनलोड होतो.

आजाराबद्दलही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत 'गेमिंग डिसऑर्डर' या विकाराचा समावेश आहे आणि ती आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सगळ्या गोष्टींपेक्षा खेळच वरचढ होणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, आणि हे सर्व साधारणपणे वर्षभर चालून शिक्षण, नोकरी, घर यांची घडी विस्कटणे, अशी त्याची लक्षणे आहेत. तुम्ही नेमाने कामावर जाता आणि जे झाले त्याची तुम्हाला लाज वाटते, त्यावरून तुम्ही तिथवर गेला आहात असे मला वाटत नाही. निदान करणे मात्र पत्रातून होत नाही आणि ते माझे कामही नाही. भिंतीऐवजी माणसावर हात उगारला गेला, स्वतःला इजा करावीशी वाटली किंवा खेळ नसतानाही असाच राग येऊ लागला, तर थांबू नका. टेली मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे. प्रत्यक्ष जायचे असेल तर धारवाडची डिमहान्स ही मानसोपचार संस्था आपल्याला जवळची आहे, आणि बेंगळूरच्या निमहान्समध्ये तर २०१४ पासून मोबाइल-इंटरनेटच्या अतिवापरासाठी वेगळे उपचार केंद्र चालते. पैसे लावून खेळायच्या गेमचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही, तरी तोही प्रकार सुरू असेल तर तो आधी बंद करा. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने तसल्या खेळांना मनाईच केली आहे.

राहिला नवा फोन. तुमच्या फोनचा तडा डाव्या खालच्या कोपऱ्यातून गेला आहे आणि तिथला टच अधूनमधून लागत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. चालण्याची जॉयस्टिक नेमकी तिथेच येते, तेव्हा फोनमुळे हरतो यात थोडे तथ्य आहे, पण ते तुम्ही भिंतीवर फेकल्यापासूनचे. खडेबाजारात एखाद्या माहितीच्या दुकानात डिस्प्ले बदलून घ्या, तो खर्च नव्या फोनच्या काही हप्त्यांतच निघेल. सेकंदाला नव्वद फ्रेम दाखवणारा फोन घेतलात तर नेम थोडा सुधारेल, तुम्ही क्राउनऐवजी त्यावरच्या एस रँकच्या खेळाडूंसमोर जाल आणि पुन्हा दहापैकी नऊ मॅच हराल. फरक इतकाच की तेव्हा दर महिन्याच्या ५ तारखेला बँकेचा मेसेजही येईल. वहीतल्या नोंदींत दोन महिन्यांनंतरही "टच लागला नाही" हेच कारण सर्वांत जास्त वेळा दिसले, तर दिवाळीचा बोनस हातात पडल्यावर रोखीने घ्या.